येणाऱ्या गुरुवारचा स्नॅपशॉट

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी चहा टाकायला उठते. पंधरा वर्षं डिस्क, सर्व्हर आणि बॅकअपमध्ये घालवलेली बाई मी... "आपोआप झालं" असं कुणी म्हटलं की माझं डोकंच फिरतं. तरी हे लिहितेय.

बंगळुरात बनशंकरीला माझ्या मोठ्या भावाचा, अण्णाचा, फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, पासपोर्ट आणि गेलेल्या माणसांचे हार घालायचे फोटो. लोक रडत एवढासा जुना फोटो आणतात, अण्णा तो मोठा करतो, मागे आकाशी रंग भरतो. मध्ये त्याची डिस्क गेली, एका लग्नाचे सगळे फोटो गेले. मग मीच चिडून त्याच्या मशीनवर झेडएफएस बसवलं. डिस्कवर फाइली सांभाळायची ही जास्त भरवशाची पद्धत. रोज दुपारी दोनला ती त्या दिवसाच्या तारखेच्या नावाने स्नॅपशॉट घेते — म्हणजे त्या क्षणी डिस्कवर जे असेल ते जसंच्या तसं गोठवते. नंतर त्यात कुणालाही, अगदी मलाही, काही घालता येत नाही.

"सरी, ठीक आहे बाई, तू म्हणशील तसं," अण्णा म्हणाला होता.

गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी मी स्टुडिओत बसून यादी तपासत होते. शेवटचा स्नॅपशॉट गुरुवारचा. येणाऱ्या गुरुवारचा! मशीनचं घड्याळ पाहिलं, बरोबर होतं. स्नॅपशॉट उघडला. हाराच्या फोटोंच्या फोल्डरमध्ये एक फाइल जास्त होती.

मागे आकाशी रंग. पुढे अण्णा. अंगात मरून शर्ट — बुधवारी त्याच्या वाढदिवसाला द्यायला मी घेतलेला, अजून व्हाइटफील्डला माझ्या घरी कपाटात, पॅकिंगसकट. कुणाला दाखवलासुद्धा नव्हता. फाइली खराब झाल्यात का ते तपासायची कमांड दिली. एरर शून्य.

काउंटरवरच्या अण्णाला हाक मारली. तो आला, स्क्रीनकडे पाहिलं आणि स्टूल ओढून बसला.

"हा मी गुरुवारी करणार होतो," तो म्हणाला. "अजून केला नाही गं."

"स्वतःचा? का?"

"पोटात गाठ आहे. कळून तीन आठवडे झाले. उद्या मी गेलो तर तुझी वहिनी अल्बम उचकत माझा फोटो शोधत बसेल... ते नको वाटलं."

"गप! वेड लागलंय का तुला?" मी ओरडले. मग दोघंही रडलो.

दुसऱ्याच दिवशी मी त्याला ओढत हॉस्पिटलात नेलं, आणि त्या गुरुवारी दोन वाजता तो ऑपरेशनच्या टेबलावर होता. आणखी महिनाभर अंगावर काढलं असतं तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. शर्ट मी दिलाच नाही, दुकानात परत केला. तसला फोटो कुणी काढला नाही, केला नाही. पण मशीनने त्या दिवशी नवा स्नॅपशॉट घेतला नाही. या नावाचा आधीच आहे, म्हणे.

अण्णा आता ठणठणीत आहे, काउंटरवर बसून गिऱ्हाइकांशी भांडतो. ऑफिसातल्या सगळ्या शहाण्यांना विचारून झालं, जो तो मशीनचं घड्याळच तपासायला सांगतो.

"डिलीट कर की ते एकदाचं," अण्णा म्हणतो. एका ओळीची कमांड आहे. दोनदा टाइप केली. एंटरवर बोट जात नाही... पुसल्यावर फक्त फोटोच जाईल, याची खात्री मला कोण देणार?