मनुकांचा डबा

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं; येशूची आठवण म्हणून सगळे भाकर आणि द्राक्षांचा रस घेतात. त्याचा रस गेली अकरा वर्षं मी करते. शुक्रवारी काळ्या मनुका धुऊन भिजत घालायच्या, शनिवारी दुपारी त्याच पाण्यात मंद आचेवर शिजवायच्या आणि गार झाल्या की पातळ फडक्यातून पिळायच्या. साखर घालायची नाही. पेले अगदी अंगठ्याएवढे असतात. उपासना झाली की ते मीच धुते. या कामात कुणाशी बोलावं लागत नाही, म्हणून मी ते मागून घेतलं होतं.

गेले पाच महिने मी तो रस पीत नाही. तबक माझ्यापुढं येतं, मी ते तसंच शेजारच्या बाईकडं देते. मनात राग ठेवून प्रभूच्या मेजाजवळ, म्हणजे या भोजनाला, येऊ नये असं आम्हाला शिकवलेलं आहे. माझ्या मनात राग आहे आणि तो जावा असं मला वाटतही नाही. मग पिऊन खोटं कशाला करायचं?

राग जावयावर आहेच. पण त्याहून जास्त पाळकबाईंवर, म्हणजे आमच्या पाद्रीसाहेबांच्या बायकोवर, आहे. जावई वाईट निघाला, ते कळल्यावर निदान त्याला वाईट म्हणता तरी आलं. पाळकबाई चांगल्या आहेत. आजाऱ्याकडं त्या जातात, मयताच्या घरी चहा घेऊन जातात. मीच चार जणींना त्यांचं कौतुक सांगितलेलं आहे. त्यामुळं हा राग ठेवायला जागाच सापडत नाही.

माझी लेक नर्सचं शिकली. तिला सांगलीला दिली. मुलगा तिथल्या मंडळीत पेटी वाजवतो, गळा गोड, नोकरी तासगावकडं बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये. लग्न झाल्यापासून मेजासाठीच्या मनुका त्याच्याकडूनच यायच्या, चौकोनी पत्र्याच्या डब्यातून. "जावयानं पाठवल्यात," असं मी मुद्दाम सांगायची. एरवी मी कुणापुढं बोलत नाही, पण हे सांगायची.

या वर्षी ईस्टर झाल्यावर लेक एक पिशवी घेऊन रहिमतपूरला माझ्याकडं आली. मी उजव्या बाजूनं बोलले की ती मान वळवायची. दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं. त्यानं कानावर मारलं होतं. पडद्याला भोक पडलंय, हे तिनं दुसऱ्याच कुणाचं दुखणं सांगावं तसं सांगितलं. मारणं पहिलं नव्हतं. तीन वर्षं ती मला फोनवर "बरं हाय" म्हणत होती.

"आई, मी पुण्याला मैत्रिणीकडं हाय असं त्यांना वाटतंय. तसंच वाटू दे," ती म्हणाली. "कुणाला बोलू नको. पाया पडते."

साताऱ्याला एका लहान दवाखान्यात तिला काम लागलं. सकाळच्या एसटीनं जायची, दिवस मावळायच्या आत यायची. शेजारी एक मुसलमान बाई शिवणकाम करते. तिची आणि आमची भिंत एक आहे, त्यामुळं तिला सगळं ऐकू गेलेलं असणारच. तिनं मला एका शब्दानं विचारलं नाही. लेकीचे दोन पांढरे ड्रेस शिवून दिले आणि खुंटीला अडकवून गेली.

मला मात्र राहवलं नाही. एका रविवारी पेले धुताना पाळकबाई मदतीला आल्या, "मावशी, चेहरा का असा?" म्हणाल्या, आणि मी सगळं बोलून बसले. कान, पुणं, साताऱ्याचं काम, सगळं. त्यांनी माझे ओले हात हातात धरले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "हे तुमच्यात, माझ्यात आणि प्रभूत," त्या म्हणाल्या. मी घरी आले ती हलकी होऊन आले. त्या हलकेपणाची मला आज लाज वाटते.

दोन दिवसांनी लेकीच्या मोबाईलवर प्रार्थनेच्या ग्रुपमधला मेसेज आला. हा ग्रुप सातारा आणि सांगली दोन्हीकडच्या मंडळ्यांचा आहे. कुणी आजारी असलं, कुणाची परीक्षा असली की त्यात कुणीतरी बोलून प्रार्थना टाकतं आणि बाकीचे खाली आमेन लिहितात. आवाज पाळकबाईंचा होता. रहिमतपूरच्या आमच्या एका मावशींच्या लेकीसाठी, म्हणाल्या. साताऱ्याच्या दवाखान्यात तिला काम दिलंस म्हणून तुझे उपकार, म्हणाल्या. नवऱ्याच्या घरापासून ती दूर झाली आहे, तिचं मन नम्र कर, मोडलेला संसार जोड. नाव तेवढं घेतलं नव्हतं. रहिमतपूरच्या किती मावशींची लेक सांगलीला दिली आहे आणि नर्स आहे?

लेकीनं मोबाईल डाव्या कानाशी धरून ते दोनदा ऐकलं.

"तू सांगितलंस?"

"व्हय."

तिनं जेवणाचं ताट उचललं, नेऊन घासलं, पालथं घातलं. मग म्हणाली, "आता ते येतील." खाली आमेन येतच होते.

मेसेज आल्याच्या तिसऱ्या दिवशी जावई दवाखान्याच्या दारात उभा राहिला. पहिल्या दिवशी गोड बोलला. दुसऱ्या दिवशी आईला घेऊन आला आणि दोघं रोग्यांच्या बाकावर बसून राहिली. त्याच्या पुढच्या दिवशी त्यानं तिला वेणी धरून जिन्यावरून खाली ओढलं. डॉक्टर मध्ये पडले. संध्याकाळी त्यांनीच तिला सांगितलं, घरची भांडणं इथं नकोत, उद्यापासून येऊ नको. मार तिनं खाल्ला आणि कामही तिचंच गेलं. पुढं तो आमच्या घरी आला तेव्हा शिवणवाली बाई दारात कात्री हातात घेऊन उभी होती. "पोरगी न्हाई इथं," म्हणाली. पोरगी तिच्याच घरात, कापडाच्या गठ्ठ्यांमागं बसली होती.

पाळकबाई भेटायला आल्या तेव्हा मला वाटलं, आता म्हणतील, चुकलं. त्या म्हणाल्या, "मावशी, मी कुणाजवळ गप्पा मारल्या नाहीत. प्रार्थनाच केली ना?"

याच बोलण्यानं माझ्या अंगाची आग होते. पाण्याच्या नळावर कुणी लेकीची निंदा केली असती तर माझ्यासारखीला सुद्धा भांडता आलं असतं. प्रार्थना केली म्हटल्यावर भांडायचं कुणाशी? निंदेवर कुणी आमेन तरी म्हणत नाही.

त्यानंतर वचन, म्हणजे रविवारचा उपदेश, कृपेवर सुरू झालं. तीन रविवार पाळक कृपेवरच बोलले, आणि क्षमेवर. देवानं आपल्याला फुकट क्षमा केली, मग आपण कोण हिशेब धरणारे? बायका वळून वळून माझ्याकडं बघत होत्या. कृपा मला कुणी शिकवायला नको. नवरा गेला तेव्हा लेक सात वर्षांची होती. खानावळीत भाकऱ्या थापून मी तिला शिकवलं, आणि एकटीच्या हातानं ते झालेलं नाही एवढं मला कळतं. पण आमच्याकडं कृपा नेहमी ज्यानं मारलं त्याच्या वाट्याला येते. जिनं मार खाल्ला तिच्या वाट्याला क्षमा करण्याचं काम येतं. मारणाऱ्याला काम काय दिलं, हे तीन रविवारांत एकदाही ऐकलं नाही.

मग एका शनिवारी दुपारी पाळकबाई माझ्या स्वयंपाकघरात आल्या. हातात तो चौकोनी पत्र्याचा डबा होता. त्यांनी तो ओट्यावर ठेवला.

"जय ख्रिस्त, मावशी. जावयांनी पाठवलाय, उद्याच्या मेजासाठी. ते स्वतः येणार आहेत. प्रभुभोजनाआधी सगळ्यांसमोर दोघांचे हात हातात देऊ, असं पाळकसाहेबांनी ठरवलंय. तिला पांढरी साडी नेसवून आणा."

लेक आतल्या खोलीत होती.

चुलीवर माझं पातेलं होतं. या खेपेच्या मनुका मी बाजारातून आणून आदल्या दिवशीच भिजत घातल्या होत्या.

"ह्या मी शिजवणार न्हाई," मी म्हणाले.

"मावशी, वस्तूवर काय राग? देवासाठी दिलेलं दान आहे."

मी चौथीपर्यंत शिकले. शास्त्र मी बोट ठेवून वाचते, एक पान वाचायला मला तासभर लागतो. त्यामुळं वाचलेलं मी सहसा विसरत नाही. येशूनं दानाबद्दल काय सांगितलंय ते मी त्या आठवड्यात तीनदा वाचलं होतं. मी हात पुसले.

"बाई, दान वेदीपाशी आणलं आणि आपल्यामुळं कुणाचं मन दुखावलंय हे आठवलं, तर दान तिथंच ठेवून आधी त्याच्याकडं जायचं, असं हाय ना?"

"आहे की. तेच तर उद्या..."

"मग जायचं कुणी? ज्यानं केलं त्यानं. जिचा कान फुटला तिनं पांढरी साडी नेसून जायचं असं कुठं लिवलंय? दान माझ्या वट्यावर येऊन बसलंय. माणूस कुठं हाय?"

"ते उद्या येणारच आहेत."

"मेजाला येणार हायती. तिच्याकडं न्हाई."

त्यांनी डबा ओट्यावर थोडा आत सरकवला. मग म्हणाल्या, "तुमच्या मनात इतकं कडू असेल असं वाटलं नव्हतं."

"लय कडू हाय," मी म्हणाले. "आन् तुमीबी अजून तिच्याकडं गेला न्हाईसा. ती त्या खोलीत हाय. चार पावलं."

मी आयुष्यात एवढं कुणाला बोलले नव्हते. मी पातेल्यात डाव फिरवत राहिले. पाळकबाईंनी खोलीच्या दाराकडं पाहिलं. एक पाऊल टाकलंही. मग पदर सावरला आणि पुढच्या दारानं निघून गेल्या. डबा तिथंच राहिला.

लेक बाहेर आली. "आई, रस उतू चाललाय," म्हणाली.

रविवारी मी रस नेला, माझ्या मनुकांचा. लेक आली नाही. तो आला होता. पुढच्या बाकावर बसला होता, केस चापून बसवलेले. पाळकांनी हात हातात देण्याचं काही काढलं नाही. पाळकबाईंनी त्यांना घरी सांगितलेलं असावं. तबक निघालं. त्यानं पेला उचलला, डोळे मिटले आणि प्याला. कुणी त्याला थांबवलं नाही. माझ्या हातचा रस त्याच्या पोटात गेला आणि मी मागं बसून बघत राहिले. देवा, तू त्याला क्षमा करणार असशील तर ते तुझ्याकडं. पण तो पितो आणि मी पीत नाही, आणि कडू मन माझं ठरतं, हे तुला दिसत असेल तर काहीतरी बोल, असं मी मनात म्हणाले. अजून काही ऐकू आलेलं नाही.

पेले मी धुतले. त्याचा कुठला होता ते कळलं नाही. सगळे दोनदा धुतले.

त्याच आठवड्यात लेक गेली. शिवणवाल्या बाईच्या माहेरकडच्या कुणाच्या ओळखीनं दुसऱ्या गावी काम मिळालं. तिथं कानाचं ऑपरेशनही होईल असं म्हणते. रस्त्यावर फारसं कुणी नसतं अशा वेळी, भर दुपारी, ती एसटीत बसली. गावाचं नाव मी या वहीतसुद्धा लिहीत नाही. ही वही तिचीच आहे, नर्सिंगच्या वेळची. मागची पानं कोरी होती.

डबा ओट्यावरून मी खाली कोपऱ्यात ठेवला. त्याला मुंग्या लागल्या तेव्हा टाकून द्यावा असं मनात आलं, पण खाण्याची वस्तू टाकवत नाही. शेवटी पुसून, फडक्यात बांधून तो मंडळीत पाळकांच्या टेबलावर ठेवून आले. ज्याचं दान त्याला त्यांनीच परत द्यावं.

परवाच्या रविवारी पेले धुताना पाळकबाई आल्या. बऱ्याच दिवसांनी आल्या. एक फडकं घेऊन पेले पुसायला लागल्या. मला खरंच वाटलं, आज म्हणतील, चुकलं. मी हात थांबवूनही ठेवले.

"लेक कुठं असते आता?" त्यांनी हळूच विचारलं. "प्रार्थनेत ठेवते मी तिला."

"देवाला ठाव हाय," मी म्हणाले, आणि त्यांच्या हातातला पेला घेऊन पुन्हा धुतला.