आईंनी सोडलेलं आंबट

आमच्या फ्रिजच्या दारात, हिरव्या चटणीच्या डब्याला टेकून, एक छोटी तपकिरी काचेची बाटली उभी असते. व्हिटॅमिन सीचं सीरम. लेकीच्या वेळी माझ्या दोन्ही गालांवर वांगाचे डाग उठले, ते लेक शाळेत जायला लागली तरी हलायचं नाव घेईनात. पुण्याहून व्हिडिओ कॉल आला की जो तो आधी माझे गाल न्याहाळायचा आणि मग खुशाली विचारायचा. एका लांबच्या काकूंनी तर, तिकडे जाऊन लोक उजळतात म्हणे, तू कशी गं काळवंडलीस, असं सरळ विचारलं. मी हसून फोन ठेवला आणि तणतणत जाऊन ती बाटली घेऊन आले.

आम्ही म्युनिकजवळ उंटरश्लाइसहाइमला राहतो. नवऱ्याची सॉफ्टवेअर कंपनी इथेच आहे. या गावात जरा ऊन पडलं की शेजारणी बाल्कनीत खुर्च्या टाकून, तोंडं वर करून बसतात, आणि मी सनस्क्रीन थापून सावली शोधत फिरते. रोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभं राहून गालांना सीरमचे थेंब लावायचे, हा माझा नेम झाला होता. देवापुढे दिवा लावायला मी कधी कधी विसरते, पण हे नाही.

गेल्या फेब्रुवारीत सासूबाई आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आल्या. मी त्यांना आई म्हणते आणि अहो-जाहो करते. सासरे जाऊन तेव्हा तीन वर्षं होत आली होती, आणि कोथरूडच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्याच राहत होत्या. विमानतळावर बघितलं तर पार चिपाड झालेल्या. नवरा काळजीने काही बोलायला गेला, तर वय झालं रे, म्हणून त्यांनी त्याला गप्प केलं.

आल्या त्या पथ्य घेऊनच. गुडघ्यांसाठी वैद्यांनी आंबट बंद सांगितलेलं. आंबटाने सांधे धरतात हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल, म्हणून लिंबू, चिंच, टोमॅटो, ताक, संत्रं सगळं बाद. बटाटा, कोबी, फ्लॉवर वातूळ म्हणून त्यांनी आपल्या मनानेच सोडलेले. फळं थंड पडतात. कोशिंबीर पचत नाही. उरलं काय, तर मऊ भात, मुगाचं वरण, उकडलेला दुधी, दूध आणि चहा. मी त्यांच्यासाठी वेगळ्या पातेल्यात बिनचिंचेची, बिनटोमॅटोची आमटी करायचे. आता माझा स्वभाव काही सोशिक नाही, त्यामुळे भांडी जरा वाजायची, पण पथ्य मी कधी मोडू दिलं नाही. इतकी करणारी सून मिळायला नशीब लागतं, असं मी नवऱ्याला अधूनमधून ऐकवतही होते.

माझं सीरम लावणं त्या रोज चहा घेता घेता बघायच्या. हे काय, म्हणून त्यांनी एकदा विचारलं. लिंबात असतं ना व्हिटॅमिन सी, तेच, याने डाग फिकट होतात, असं मी सांगितलं. त्यांनी बाटली नाकाशी नेली, मान हलवली आणि परत दिली. मग काही दिवसांनी, नवरा ऑफिसला आणि लेक शाळेत गेल्यावर, त्या सोफ्यावर येऊन बसल्या. साडीच्या निऱ्या गोळा करून जरा वर घेतल्या आणि, तुझं ते बाटलीतलं माझ्या डागांना चालेल का गं, असं विचारलं.

त्यांचे पाय मी तोवर फक्त नमस्काराला वाकताना पाहिले होते, म्हणजे बोटं आणि जोडवी. त्या दिवशी पोटऱ्या पाहिल्या. कुणीतरी जांभळं चिरडून फासावीत तसे मोठे मोठे डाग, आणि केसांच्या मुळाशी लाल बारीक ठिपके. आपटलात का, तर नाही. पडलात का, तर नाही. म्हातारपणी कातडी अशीच होते म्हणाल्या. मी खाली बसले, तळहातावर सीरम घेतलं आणि हलक्या हाताने लावायला लागले. त्यांना संकोच वाटत होता. नमस्काराला वाकलं की ठेवतात तसा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लावून होईपर्यंत तो तिथेच राहू दिला.

मग ते रोजचंच झालं. आधी माझे गाल, मग त्यांचे पाय. अकरा वर्षांच्या संसारात आम्ही दोघी जेवढ्या बोललो नसू तेवढ्या त्या सकाळींमध्ये बोललो. सासऱ्यांविषयी त्या बोलायच्या, मी ऐकायचे. खरं सांगायचं तर मला ती वेळ आवडायला लागली होती.

डाग मात्र वाढत होते. एका सकाळी बेसिनमध्ये मला रक्त दिसलं. विचारल्यावर कळलं, दात घासताना हिरड्यांतून येतं, पुष्कळ महिने झाले. माझ्या सख्ख्या मामाचं असंच सुरू झालं होतं, आधी अंगावर काळेनिळे डाग, मग हिरड्या, आणि मग रक्ताचा कॅन्सर. तो गेला तेव्हा मी कॉलेजात होते.

डॉक्टरकडे जाऊ म्हटलं तर आई ऐकेनात. हात दाखवून अवलक्षण कशाला, हे त्यांचं पालुपद. माझा आवाज चढला. तुम्हाला सासू समजून नाही, पेशंट समजून बोलतेय, असंही मी बोलून गेले. त्या चिडल्या नाहीत. सोफ्यावर हात थोपटून त्यांनी मला शेजारी बसवलं.

"हे बघ, मला कळतंय तुझ्या मनात काय आहे ते. तुझ्या मामांचं मी ऐकलंय. येते मी डॉक्टरकडे. पण तसलं काही निघालं तर मला घरी पाठव. इथे नको. ह्यांचं जिथे झालं, तिथेच माझं होऊ दे. शब्द दे मला."

मी शब्द दिला. नवऱ्याला एवढंच सांगितलं की आईंच्या हिरड्या दाखवून आणते. मग स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि रडले. ही बाई जायला नको, एवढंच मनात होतं.

आमच्या हाउसएर्त्स्टिन, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरीणबाई, पन्नाशीच्या आहेत. घाई नाही, जास्त हसणं नाही. त्यांनी भिंग घेऊन पाय पाहिले, ओठ वर करून हिरड्या पाहिल्या, आल्झो, म्हणजे बरं तर, असं स्वतःशीच म्हणाल्या आणि विचारलं की या काय खातात. आईंनी मला सांगितलं, सगळं व्यवस्थित खाते म्हणून सांग. मी तसं सांगितलं. डॉक्टरीणबाईंचं त्यावर समाधान झालं नाही. काल सकाळपासून झोपेपर्यंत काय काय पोटात गेलं ते सांगा, म्हणाल्या.

ते तर माझ्याच हातचं होतं, त्यामुळे मी घडाघडा सांगायला लागले. चहा, दूध, भात, मुगाचं वरण, दुधी. लिंबू, संत्रं? नाही. टोमॅटो? नाही. बटाटा? तोही नाही. कोबी, सिमला मिरची, कुठलं तरी फळ? नाही, नाही, नाही. सांगता सांगता माझा आवाज बारीक होत गेला. मराठीत पथ्य म्हटलं की त्यात काळजी ऐकू येते. तेच जर्मनमध्ये सांगताना मला पहिल्यांदाच ऐकू आलं की एक म्हातारी बाई काय काय खात नाही ते. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, मला हा स्कोरबूट, म्हणजे स्कर्व्ही, वाटतो. पूर्वी महिनोन् महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांना व्हायचा तो रोग. व्हिटॅमिन सी अजिबात न मिळाल्याने होणारा.

मला हसूच आलं. त्या हसल्या नाहीत. मग मी धीर करून त्या दुसऱ्या आजाराचं नाव काढलं. तोही माझ्या मनात आहे, म्हणून तर रक्त तपासायचं, असं त्यांनी लपवाछपवी न करता सांगितलं. उठताना मी सीरमचं कबूल केलं, रोज पायांना लावते म्हणून. तेव्हा मात्र त्यांना हसू फुटलं. कातडीवर लावलेलं कातडीपुरतंच राहतं, म्हणाल्या. तुमच्या गालांना लावा, वर सनस्क्रीन लावा. यांना पोटातून द्या, आणि मी लिहून देते तेवढंच द्या, जास्तीचं मूत्रपिंडांना सोसत नाही.

घरी येताना बसमध्ये मी आईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. एवढंच म्हणून त्यांनी माझा हात हातात घेतला, तो आमचा स्टॉप येईपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी मी पोळ्या लाटत असताना फोन आला. हिमोग्लोबिन कमी आहे, पण बाकी रक्त ठीक, काळजीसारखं काही नाही. माझा जीव भांड्यात पडला. पिठाच्या हातांनीच मी आईंना मिठी मारली, आणि त्यांच्या काळ्या साडीवर माझे दोन्ही पंजे उमटले. व्हिटॅमिनचा रिपोर्ट यायला वेळ लागला. तो आला तेव्हा त्यात व्हिटॅमिन सी जवळजवळ नव्हतंच. तोवर गोळ्या सुरू होऊन हिरड्यांचं रक्त थांबलंही होतं. लेकीने तिच्या समुद्री चाच्यांच्या पुस्तकातलं चित्र आणून आजीला दाखवलं आणि तू कुठल्या जहाजावर होतीस, असं जर्मनमध्ये विचारलं. मी मराठीत सांगितल्यावर आई म्हणाल्या, सांग तिला, मी विमानाने आले.

पायांचे डाग पिवळे पडत पडत गेले. गोळ्या त्या निमूट घेत होत्या, पण आंबटाला काही केल्या हात लावेनात. गोळ्या काही जन्मभर घ्यायच्या नव्हत्या. शेवटी एक दिवस जेवणाच्या टेबलाशी माझं डोकं फिरलं. वैद्यांनी पथ्य किती दिवस सांगितलं होतं, असं मी विचारलं. गुडघे उतरेपर्यंत, म्हणाल्या. गुडघे कधी उतरले? पहिल्या उन्हाळ्यातच. मग सोडलं का नाहीत, म्हणून मी जवळजवळ ओरडलेच. त्या भात कालवत म्हणाल्या,

"पथ्य सांगणारे पुष्कळ भेटतात गं. पुरे आता, असं म्हणणारे एकटे हेच होते."

मला सासरे आठवले. आईंचं कुठलंही व्रत, कुठलाही उपास असाच लांबत जायचा, आणि मग एक दिवस ते जेवता जेवता, पुरे आता, म्हणायचे आणि लिंबाची फोड उचलून स्वतःच आईंच्या वरणभातावर पिळायचे. आई वरवर रागवायच्या आणि जेवायच्या. गुडघ्यांचं पथ्य सुरू झालं ते सासरे गेल्यानंतर. ते सोडवायला घरात कोणी उरलंच नव्हतं.

मी उठले, लिंबू चिरलं आणि एक फोड त्यांच्या ताटात, डाव्या हाताला मिठाशेजारी, तिच्या जागेवर ठेवली.

"अहो आई, पुरे आता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग फोड उचलली आणि वरणभातावर पिळली. पहिल्या घासाला असा काही चेहरा केला की लेक खदखदून हसली. दुसरा घास घेऊन म्हणाल्या, वरणात मीठ कमी आहे. मी मीठ आणून दिलं.

मे महिन्यात त्या परत गेल्या. घरी पाठवायचा शब्द मी दिला होता, तो असा पाळला गेला. त्या डॉक्टरीणबाईंचे उपकार मी विसरणार नाही, कारण त्यांनी काल काय खाल्लं हे विचारलं आणि सगळं ऐकून घेतलं. त्या बाटलीचेही उपकारच. माझ्या गालांवरचे डाग तिने थोडेसेच फिकट केले, पण तिच्यामुळे एका सासूने सुनेपुढे आपले पाय उघडे केले. एवढं एका बाटलीकडून मिळालं, मला आणखी काही नको.

आता आई तिकडे जेवायला बसताना मला कॉल लावतात आणि ताट कॅमेऱ्यापुढे धरतात. मी मिठाशेजारी फोड आहे का तेवढं बघते. नसली तर मी तोंड उघडायच्या आत, आणते गं आणते, म्हणत त्या उठतात.