दालचिनीच्या गुंडाळ्या

"ये गो, जरा नाक घेऊन ये!"

भिंतीवर दोन थापा आणि मागून ही हाक. बोईसरच्या आमच्या इमारतीत शेजारच्या मावशींचं बोलावणं असंच यायचं. मी गॅस बंद करून, पदराला हात पुसत जायचे.

एका तापात मावशींची वासाची, आणि तिच्यामागून चवीचीही, जाण गेली ती परत आलीच नाही. बाई मूळच्या सातपाटीच्या, बोंबील नीट सुकला की नाही हे डोळे मिटून सांगणाऱ्या! डॉक्टर झाले, वाफारे झाले, कुणीकुणी सांगितलं ते सगळं हुंगून झालं. शेवटी म्हणाल्या, "जाऊ दे. तुजं नाक हाय ना. शेजारी कशाला असतात?"

आणि अशा बाईला खूळ कसलं लागावं, तर घरी दालचिनीचे रोल भाजायचं. नातीने फोनवर एकदा दाखवले, मावशींनी त्यांचं नाव गुंडाळ्या ठेवलं आणि ओव्हन घेऊनच आल्या. गोड गुंडाळीत गूळ आणि दालचिनी. खाऱ्या गुंडाळीत सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी, लसणावर परतलेली आणि वर दालचिनीची चिमूट. ऐकून नाक मुरडू नका, मीही मुरडलं होतं. पहिल्या घासानंतर गप्प बसले.

पीठ फुगवायला त्यांना पुडीतलं यीस्ट चालायचं नाही. "ताडी असताना ता कशाला?" ताडीचं मात्र नाजूक असतं. ताजी असली तर पीठ सुरेख फुगतं, शिळी असली तर सगळं आंबट ढाण. ते नाकालाच कळतं. म्हणून तर मी.

आता माझी चूक सांगते. मी पहिल्यापासून प्रत्येक वेळी "मस्त" म्हणत आले. दालचिनी करपली तरी मस्त. "मस्त" ऐकलं की मावशींचा चेहरा असा काही खुलायचा, की दुसरं बोलवतच नसे. तुमच्याही शेजारी असं कुणी असेल, तर तुम्हाला कळेल.

मग नातीचा साखरपुडा पालघरला ठरला. मुलाकडच्यांना आजीच्याच गुंडाळ्या द्यायच्या, असा तिचा हट्ट. मावशी आठवडाभर दुसरं काही बोलत नव्हत्या. "नाक गेलं म्हणून हात गेला नाय, ता बघू दे सगळ्यांना."

त्या सकाळी मला बोलावलं तेव्हा परातभर पीठ फुगून वर आलं होतं. मी वाकले आणि समजले. ताडी कालची होती. पण निघायला जेमतेम चार तास उरले होते, तेवढ्यात दुसरं पीठ फुगलं नसतं, आणि मावशी नवीन लुगडं नेसून माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"मस्त," मी म्हणाले.

पाहुण्यांनी एकेक घास घेतला आणि उरलेली गुंडाळी हळूच कागदी रुमालाखाली सरकवली. कुणी बोललं नाही, माणसं चांगली होती. प्लेटा मात्र मावशींनी स्वतः गोळा केल्या. प्रत्येक रुमाल उचलून पाहिला. परतताना रिक्षात एवढंच म्हणाल्या, "तुला कळला होता ना गो?"

मी मान खाली घातली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

महिनाभर भिंत गप्प होती. मग एका दुपारी मावशी स्वतःच बशी घेऊन दारात आल्या. "खा. आनि खरा बोल."

मी खाल्लं. इतकी सुंदर गुंडाळी मी आयुष्यात खाल्ली नव्हती. हलकी, खारी, आणि सोड्यांच्या मागून हळूच येणारी दालचिनी. मी तसं सांगितलं, गळ्याची शपथ घेतली, दुसरी मागून खाल्ली. त्या माझा चेहरा न्याहाळत राहिल्या.

"बरा," म्हणाल्या आणि गेल्या.

मावशींना जाऊन आता वर्ष होईल. त्यांची आठवण आली की मला त्या बशीच्या दिवसाची संध्याकाळ दिसते. मी कचरा टाकायला खाली उतरले, तर डब्यात सगळ्यात वर त्यांच्या गुंडाळ्या पडल्या होत्या. चांगल्या ताटभर, एकीलाही दात न लागलेला.