बातम्यांना आठ दिवस सुट्टी

मास्तरांनी तीस वर्षांत हजारभर कोट शिवले असतील, पण दोन्ही बाह्या डाव्या असलेला कोट त्यांच्या हातून पहिल्यांदाच उतरला.

कोट होता वाचनालयातल्या ग्रंथपालांचा. रविवारी त्यांचा निरोपसमारंभ होता. आरशासमोर उभं राहून त्यांनी उजवा हात घातला, तर बाही कोपराशी भलतीकडेच वळलेली.

"मास्तर, निवृत्त मी होतोय. माझ्या हाताला का रजेवर पाठवताय?"

कोपऱ्यात काज-बटणं करत बसलेली मास्तरांची थोरली बहीण खदाखदा हसली. मास्तर मात्र घाम पुसत "शनिवारी देतो साहेब, नक्की देतो" एवढंच म्हणाले.

ग्रंथपाल गेल्यावर ताई म्हणाली, "चूक तुझ्या कात्रीची नाही, ह्याची आहे."

तिने रिळांना टेकवून ठेवलेल्या मोबाइलकडे बोट दाखवलं. त्यावर दिवसभर बातम्या चालू असत. कुठे लढाई, कुठे भूकंप, कुठे नवा आजार. मास्तर टीप घालता घालता उसासे टाकायचे, जेवताना घास हातात तसाच राहायचा, आणि परवा तर बटण मागितलं म्हणून ते बहिणीवरच खेकसले होते.

"जगात काय चाललंय ते कळायला नको?" मास्तर म्हणाले.

"तू उसासे टाकलेस म्हणून लढाई थांबली का? आठ दिवस बंद ठेव. फारच मोठं काही झालं तर गिऱ्हाईक सांगेल की."

मोबाइल बटणांच्या डब्यात गेला. फोन वाजला तर ताई उचलणार, असं ठरलं.

पहिला दिवस वाईट गेला. मास्तरांचा हात सारखा रिळांकडे जायचा आणि ओशाळून परत यायचा. दुसऱ्या दिवशी शिवलेले कपडे न्यायला आलेला एक गृहस्थ "ऐकलंत का मास्तर?" म्हणाला, तशी ताई सुई रोखून उठली. "कपडे न्या, बातमी परत न्या!" तो बिचारा मुकाट्याने गेला. मास्तर त्या महिन्यात पहिल्यांदा हसले.

चौथ्या दिवशी दुपारी त्यांची नजर सहज समोर गेली. सायकल दुरुस्तीचं दुकान बंद होतं.

"हा माणूस भर दुपारी कुलूप लावून झोपतो. ऐदी कुठला!"

ताईने दोरा दातांनी तोडला. "झोपतोय कुठला? त्याच्या बायकोचा पाय मोडलाय, तीन आठवडे झाले. दुपारी घरी जाऊन स्वयंपाक करतो तो. मी तुला दोनदा सांगितलं. तू 'हं' म्हणालास."

मास्तरांचे हात मशीनवर थांबले. समुद्रापलीकडच्या भूकंपात किती घरं पडली, तो आकडा त्यांना तोंडपाठ होता. आणि दहा पावलांवरचा शेजारी? त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

संध्याकाळी ते समोर गेले. "वहिनी कशा आहेत?"

सायकलवाल्याने हातातला पान्हा खाली ठेवला. "बऱ्या आहेत. पण पसारा दोघांचा आणि हात एकट्याचे. गिऱ्हाइकं येऊन परत जातात."

"उद्यापासून दुपारी सायकली माझ्या दारात लावायला सांगा. नाव आणि बिघाड लिहून ठेवतो. दुरुस्तीचं मात्र मला विचारू नका, नाहीतर दोन्ही चाकं मागेच बसवीन."

सायकलवाला पोट धरून हसला.

शनिवारी ग्रंथपालांना कोट अगदी मापात बसला. आठवडा संपल्यावर ताईने मोबाइल परत दिला. मास्तरांनी सकाळच्या चहाबरोबर दहा मिनिटं बातम्या पाहिल्या. जग होतं तसंच होतं, थोडं वाईट, थोडं बरं. मग मोबाइल खिशात टाकून ते मशीनवर बसले.

दुपारी दारात तीन सायकली लागल्या. त्यांतल्या एकीची घंटा आपोआप वाजत होती. मास्तरांनी वहीत तसंच लिहिलं, "घंटा, विनाकारण", आणि ताईला वाचून दाखवलं. मग दोघंही बराच वेळ हसत बसले.