बारक्याची घोंगडी

सोलापुरात राहून उन्हाशी उघड वैर मांडणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. मूळचा गडी करमाळ्याचा. मे महिन्यात भर दुपारी उकळता चहा बशीत ओतून भुरके मारणारा, पंख्याला चोचले म्हणणारा. हाच माणूस एके दिवशी सेंट बर्नार्ड जातीचं पिल्लू शर्टाच्या आत घालून घरी आला. बर्फात गाडल्या गेलेल्या माणसांना हुंगून शोधणारी ही डोंगरी जात! मी म्हटलं, "अहो साडूभाऊ, सोलापुरात बर्फ फक्त रसाच्या गाड्यावर." तर म्हणतात कसे, "बर्फ न्हाय तर न्हाय. माणसं तर अडकतात की!"

तेव्हा ते दोन हातांत मावत होतं, म्हणून नाव ठेवलं बारक्या. वर्षभरात बारक्या वजनात माझ्या मेहुणीच्या पुढे गेला, तरी नाव बदलायला साडू तयार नाहीत. जुळे सोलापूर या वस्तीतला त्यांचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. बाथरूम दोन, त्यातलं गार फरशीचं बारक्याचं, उरलेलं घरच्यांचं. साडू चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात माल तपासायला आहेत. त्यांच्याकडे पाहुण्याला पाण्याआधी टॉवेल मिळतो, कारण बारक्या आलेल्याच्या मांडीवर आधी डोकं ठेवतो आणि मग लाळेचा पाट सोडतो. माझी लग्नातली पॅन्ट त्या स्वागतात कायमची गेली. मी कुरकुरलो तर साडू म्हणाले, "लाळ न्हाय ती, माया हाय. पुसा आणि गप बसा."

बारक्याला फिरायला काढायच्या आधी ते स्वतः खाली उतरून चप्पल काढायचे आणि डांबरावर अनवाणी उभे राहायचे. चटका बसला की "तापलाय अजून," म्हणत परत तीन जिने वर. अर्ध्या तासाने पुन्हा खाली. सोसायटीतली माणसं गॅलरीत उभी राहून हसायची. साडूंना त्याचं काही नसायचं. रोज बर्फाची लादी पोत्यात गुंडाळून स्कूटरवर पायांशी ठेवून आणायचे. विंचरून निघालेले बारक्याचे केस तर कधी टाकू दिले नाहीत. चिमटीत धरून, डोळे बारीक करून, कारखान्यातला माल तपासावा तसे तपासायचे आणि उशांच्या अभ्र्यांत भरायचे. "सूत निघंल ह्याचं, लिहून घ्या," म्हणायचे. मेहुणी कपाळावर हात मारून घ्यायची. घरात असे सात अभ्रे जमले होते.

तिसऱ्या उन्हाळ्यात मात्र बारक्याने अन्न सोडलं. बर्फावर पडून नुसता धापा टाकायचा. जनावरांच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि सरळ सांगितलं, "यंदा निभावलं. पुढचा उन्हाळा हा इथे काढेल असं वाटत नाही." साडूंच्या एका मित्राची महाबळेश्वराकडे स्ट्रॉबेरीची शेती, तो कधीचा मागत होता. साडूंनी आठवडाभर बर्फाच्या लाद्या दुप्पट केल्या. मग एका सकाळी माझ्या दारात येऊन म्हणाले, "चला. एकदा दावून आणू त्याला. ठेवायचं न्हाय, सांगून ठिवतो."

जीपमध्ये मागे बर्फ, बर्फावर बारक्या आणि बारक्याला धरून साडू. घाट चढून शेतावर पोचलो, तेव्हा ढग खाली उतरले होते आणि अंगाला गार वारा लागत होता. साडूंनी साखळी सोडली. बारक्या क्षणभर उभा राहिला, नाक वर केलं आणि धावला. उतारावरून खाली, तिथून वर, कान उडवत, भुंकत, चिखलात लोळून पुन्हा धावला. असा धावताना मी त्याला कधीच पाहिला नव्हता. साडूंनीही नाही.

"बघा की साडू," ते म्हणाले, "पळतंय ते. तीन वर्सं मला वाटायचं, जातच आळशी हाय म्हणून." आणि हा पहाडासारखा माणूस बांधावर बसून ढसाढसा रडला. मीही रडलो, लपवत नाही. येताना जीपमध्ये मागे बारक्या नव्हता, नुसता पाणी झालेला बर्फ हिंदकळत होता.

सांगोल्याकडच्या एका घोंगडी विणणाऱ्याने मेंढीच्या लोकरीत मिसळून त्या सात अभ्र्यांतल्या केसांचं सूत काढलं आणि घोंगडी विणून दिली. "कुठल्या मेंढीचं हो हे?" त्याने विचारलं, तर साडू छाती काढून म्हणाले, "माझ्या घरचं हाय." परवा एप्रिलच्या दुपारी त्यांच्याकडे गेलो. पाण्याआधी टॉवेल मिळाला. मी सवयीने तो मांडीवर पसरला आणि मग घडी करून बाजूला ठेवला. साडू तीच घोंगडी पांघरून, पंखा बंद करून पडले होते, घामाने निथळत.

मी म्हटलं, "अहो, उकडत नाही का?"

"उकडतंय की," ते म्हणाले. "त्याला हितं किती उकडत व्हतं, ते आता कळतंय."