कांडप मशीन रिक्षात घालून

आमच्या शेजारच्या सावित्रम्माला, म्हणजे गल्लीच्या अक्काला, काहीही पटकन विकून दाखवा आणि माझ्याकडून बक्षीस घेऊन जा. झाडू घ्यायचा तर ती आधी दुकानदाराचंच दुकान झाडून बघते. शेंगदाणे घेताना पोत्याच्या तळापर्यंत हात घालून पाच दाणे काढते, चोळते, चावते आणि "बेडा, बेडा" असं कानडीत नको-नको म्हणत चालू लागते. मी तीस वर्षं शाळेत मास्तरीण होते, पण इतकी कडक परीक्षा मी कधी घेतली नाही.

अक्का शेंगाचटणी करते. सोलापुरात कोण करत नाही म्हणा, पण हिच्या चटणीचे डबे पार पुण्या-मुंबईला जातात. दाणे भाजायचे आणि गरम आहेत तोवर कांडायचे, म्हणजे तेल सुटतं. दाणे गार झाले की नुसता भुगा. पूर्वी ती हाताने कांडायची, उखळ आणि मुसळ घेऊन. खांदा गेला तेव्हा विजेवरचं कांडप मशीन आणलं. आणि गेल्या उन्हाळ्यात लाईटने असा छळ मांडला की विचारू नका. रोज दुपारी, बरोबर दाणे भाजून उतरवले की, गेली!

"आता चटणी बंदच करावी लागंल बघ, लीला," एके दिवशी ती म्हणाली आणि चक्क डोळ्याला पदर लावला. अक्का रडतेय हे बघून मला तिचा रागच आला.

"रडतेस काय? डोक्यावर एवढं ऊन तापतंय, सोलर बसव की!"

झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर दारात रिक्षा, आणि रिक्षात कांडप मशीन.

"अगं, हे कशाला?"

"इन्व्हर्टरला लावून बघाय नको व्हय?"

तिच्या मांडीवर गरम दाण्यांचा डबा, दुपट्यात गुंडाळलेला. मी मशीनच्या शेजारी, अर्धी आत, अर्धी बाहेर. चौकाचौकात लोक वळून बघत होते. पण खरं सांगू का, मला मजा येत होती.

पहिल्या दुकानात एक टापटीप मुलगा होता. त्याने विचारून विचारून घरातले दिवे मोजले, पंखे मोजले, फ्रीज धरला, आणि एक देखणा छोटा इन्व्हर्टर पुढे केला. अक्काने मशीनमध्ये दाणे ओतले आणि बटण दाबलं. इन्व्हर्टर 'टीं' करून गप्प झाला.

"काकू, मशीन रिकामं चालू करायचं असतं."

"रिकामं कांडून काय वारा विकू?"

मग त्याने समजावलं, की मोटार सुरू होताना क्षणभर तीन-चार पट वीज ओढते, म्हणून मोठा इन्व्हर्टर घ्या. आणि जाता जाता हेही सांगितलं, की हा साधा प्रकार बाहेरच्या लाईटवर चालतो. लाईट गेली की हासुद्धा बंद पडतो.

"सूर्य डोक्यावर असताना?"

"हो."

"अय्यो शिवने! मग घेऊन काय त्याची पूजा करू?"

दुसऱ्या दुकानातला माणूस फार गोड बोलला. म्हणाला, हाच स्वस्तातला घ्या, लाईट गेली की मी सांगतो तशी एक वायर उलटी जोडायची, घर चालू. मेन स्विच तेवढा आठवणीने पाडायचा. अक्का खूश! परीक्षा बिरीक्षा विसरली, उद्या पैसे घेऊन येते म्हणाली. मीही मान डोलावली. अक्कल कुठे ठेवली होती कोण जाणे.

या सगळ्यात तिच्या नवऱ्याला, वीरभद्रप्पा अण्णांना, कोणी विचारलंच नव्हतं. अण्णा वीज कंपनीत लाईनमन होते, आता निवृत्त. बायकोच्या खरेदीत ते कधी पडत नाहीत. घरी आल्यावर अक्का त्यांना उलट्या वायरीचं कौतुक सांगू लागली. अण्णा जेवत होते. हात थांबला.

"आणि मेन स्विच पाडायचा विसरलीस तर?"

"तर काय होतंय?"

अण्णांनी डावा हात पुढे केला. त्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. तरुणपणी होटगीला खांबावरून पाय घसरून पडले, एवढंच आम्हाला माहीत होतं.

"पाय घसरला नव्हता," अण्णा म्हणाले. "लाईन मीच बंद करून वर चढलो होतो. एका घरात जनरेटर असाच उलटा जोडला होता. त्या घरातून करंट उलटा तारेवर आला. खाली कडब्याची गंजी होती म्हणून आज भाकरी खातोय."

 मग अक्काचा जो भडका उडाला!

"तीस वर्षं सांगितलं न्हाय मला?"

"सांगितलं असतं तर त्या घरी जाऊन भांडली असतीस."

"भांडलेच असते की!"

"म्हणूनच."

अक्का एकाच वेळी रडत होती आणि शिव्या घालत होती. ती दोन बोटं मात्र तिने हातात घट्ट धरून ठेवली होती. मी माझी चप्पल शोधली आणि घरी आले.

तिसऱ्या दिवशी रिक्षात मशीन, डबा, मी आणि अण्णा. मल्लिनाथ नावाच्या दुकानदाराने सोलर पॅनेल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा मोठा, हायब्रिड इन्व्हर्टर दाखवला. अण्णांनी एकच प्रश्न विचारला, "बाहेरची लाईट गेल्यावर ह्यातून तारेवर काही जातं का?" मल्लिनाथने बाहेरची लाईट बंद करून मीटर लावून दाखवला. शून्य. मग अक्काने दाणे ओतले. मशीन धडधडलं, चटणीला तेल सुटलं, आणि तिने दुकानातल्या सगळ्यांच्या हातावर एकेक चिमूट ठेवली. मल्लिनाथने चटणीसाठी दुसऱ्यांदा हात पुढे केला, तेव्हा सौदा पक्का झाला.

यंदाच्या मे महिन्यात भर दुपारी लाईट गेली. सगळी गल्ली हातपंखे हलवत ओट्यावर, आणि अक्काच्या घरात धडधड चालू. तिचा चेहरा बघायला हवा होता! तेवढ्यात लाईन दुरुस्तीला सिद्धेश्वरी आली, वीज कंपनीतली तरुण पोरगी. खांबाला शिडी लावली आणि आवाज ऐकून थबकली.

"जनरेटर कुणाचा चालू हाय? मी वर चढणार न्हाय!"

अण्णा धावत बाहेर गेले. "पोरी, मीही लाईनमनच होतो. टेस्टर लाव, खात्री कर." तिने लांब दांडीचा टेस्टर लावला, लाईन जमिनीला जोडली, हसली आणि वर चढली.

आणि आत धडधड थांबली.

मी पळत गेले. मशीन भरलेलं, दाण्यांतून वाफ येतेय, आणि अक्का बटण बंद करून दारात उभी.

"अगं, त्या इन्व्हर्टरच्या डब्यातून बाहेर काही जात नाही," अण्णा ओरडले. "ह्याचसाठी घेतला ना आपण! दाणे गार होतील!"

"डब्यावर विश्वास हाय माझा," अक्का म्हणाली. तिची नजर खांबावरून हलत नव्हती. "पण वर लेकरू हाय. ती खाली येऊ दे."

पोरगी खाली यायला चाळीस मिनिटं लागली. तो घाणा अगदीच कोरडा झाला. अक्काने असली चटणी जन्मात कुणाला दिली नसती, पण त्या दिवशी कडक भाकरीवर घालून सिद्धेश्वरीला ओट्यावर बसवून खाऊ घातली. "तेल सुटलं न्हाय बघ," असं तीनदा म्हणाली.

अण्णांनी मात्र ताटलीतली चटणी तीनदा मागून घेतली. डाव्या हाताने ताटली धरून शेवटचा कण टिपला आणि म्हणाले, "एवढी चांगली तुझ्या हातून कधी झाली नव्हती."