सेराफिनला विचारून जा

एप्रिल सरता सरता खालचे रोपवे बंद होतात, पाहुणे गाड्या भरून निघून जातात आणि मग डोंगर आमचा होतो. आमच्या हिंटरबाख गावात कुणालाही विचारा, स्कीचे खरे दिवस हेच. खाली गाईंच्या कुरणात पिवळी फुलं, वर अजून पुरुषभर बर्फ. पण हा बर्फ लहरी. रात्री गोठून दगड होतो, सकाळच्या उन्हात त्याचा वरचा बोटभर थर सुटतो आणि जाड साखरेसारखा होतो. त्याला आम्ही फिर्न म्हणतो. फिर्नवरून उतरताना माणूस आपलं वय विसरतो. मात्र ही मजा तासाभराची. लवकर गेलात तर काचेवर हाडं मोडाल, उशीर केलात तर मांडीपर्यंत रुताल, नाहीतर अख्खा उतार अंगावर घेऊन खाली याल. कुठला दिवस, कुठला उतार, किती वाजता, एवढंच काय ते ठरवायचं असतं. आणि चाळीस वर्षं आमच्याकडं ते ठरवायची एकच रीत होती. सेराफिनला विचारायचं.

सेराफिन खोगीर शिवणाऱ्यांच्या घरातला. घोडे गेले तसा तो स्कीच्या सामानाकडं वळला. पट्टे शिवायचा, बुटांचे टाके घालायचा, आणि चढताना मागं घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला जी केसाळ पट्टी लावतात तिचा जुना डिंक खरवडून नवा लावून द्यायचा. त्याचं दुकान म्हणजे घराचाच खालचा तबेला. तिथं डिंकाचा, मेणाचा आणि त्याच्या पाइपचा असा तिहेरी वास. डोंगरात आम्ही सगळे एकमेकांना तूच म्हणतो, पाद्र्यालासुद्धा, त्यामुळं सत्तरी ओलांडलेल्या सेराफिनलाही शेंबडं पोर 'ए सेराफिन' म्हणूनच हाक मारायचं.

पहाटे पाचला तो घरामागं जायचा. छपरावरून घसरलेल्या बर्फाचा ढीग तिथं मे अखेरपर्यंत टिकायचा. सेराफिन त्यात मूठ हाणायचा. मूठ आत गेली तर म्हणायचा, "घरी जा आणि गोठा साफ करा." मूठ दुखली तर आभाळाकडं बघायचा, नाक वर करून वास घ्यायचा आणि उताराचं नाव सांगायचा. "ग्राउकार. आठला माथा सोड." किंवा "निडरयोख, पण डाव्या अंगानं. उजवीकडं बर्फाचं पोट सुटलंय."

"आणि नाही सापडलं फिर्न तर?" एकदा हार्टमान सुताराने त्याला डिवचलं.

"तुझी स्की कुठं न्यायची ते मी सांगतो. तुझी अक्कल कुठं नेऊन ठेवलीस ते बायकोला विचार."

या विचारण्याचा एक ठरलेला दुसरा भाग होता. ज्यानं सकाळी विचारलं त्यानं दुपारी येऊन बातमी द्यायची. तबेल्याच्या उंबऱ्यावर उभं राहायचं, ओले बूट आत आणायचे नाहीत, आणि सांगायचं: थर किती वाजता सुटला, बूट कुठवर रुतला, वारा कुठला होता. सेराफिन हातातलं काम न थांबवता ऐकायचा. मधेच एखादा प्रश्न टाकायचा, "वरच्या खडकाखाली चीर दिसली का?" त्याच्या दोन्ही गुडघ्यांनी साथ सोडल्याला सात वर्षं झाली होती. तेव्हापासून तो वर गेलाच नव्हता. आमचे पाय हेच त्याचे पाय, आणि आजच्या बातमीवर त्याचं उद्याचं उत्तर उभं राहायचं.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात शाळेत शिकवणारी तरुण लेना त्याला विचारायला आली. ढीग दगडासारखा होता, आभाळ स्वच्छ. सेराफिन म्हणाला, "ग्राउकार. साडेआठला सोड." साडेआठला लेनाने माथा सोडला आणि तिच्याबरोबर अर्धा उतार सुटला. दोनशे मीटर वाहत गेली. वर तोंड राहिलं म्हणून वाचली, पण मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं.

झालं होतं असं, की वर रात्रभर दक्षिणेचा गरम वारा, आमचा फ्योन, वाहत होता. खाली दरीत मात्र थंडी साचून बसली होती. सेराफिनचा ढीग खरं बोलत होता, पण फक्त घरामागचं. पूर्वी असं वर्षातून एखाददा व्हायचं, आता दर पंधरवड्याला होतं.

सेराफिन बसने दवाखान्यात गेला. माझ्या बेकरीतला पाव घेऊन मी त्याच्यासोबत होते. टोपी हातात धरून तो लेनाच्या खाटेशी उभा राहिला.

"वर पोचलीस तेव्हा वारा कसा होता?"

"गरम होता."

"मग माघारी फिरली का नाहीस, बाई?"

लेना रागानं बोलली नाही. अगदी सरळ, खरं तेच बोलली. "तू सांगितलं होतंस ना."

परतीच्या बसमधून गावात उतरताना सेराफिन म्हणाला, "मेना, चाळीस वर्षांत मला हे कधी सुचलंच नाही, की पोरं वर जाऊन स्वतः बघायची बंद होतील."

पुढच्या वसंतात मात्र पाच वाजता त्याच्या दारात कुणी आलं नाही. कुणी त्याला दोष दिला असं नाही. लोक आपले हळूच हार्टमानला विचारायला लागले. हार्टमानकडं डोंगरावरच्या हवामान केंद्रातला वाऱ्याचा आणि थंडीचा आकडा फोनवर यायचा. सेराफिन रोज पहाटे ढिगात मूठ हाणून, दार उघडं टाकून बसायचा. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी त्याची बायको बुर्गल माझ्या बेकरीत आली. सकाळची गर्दी होती, ती फळीला टेकून उभी राहिली.

"जेवत नाही तो," ती म्हणाली. "काल विचारत होता, गावानं स्की करायचं सोडलं काय म्हणून."

मी पाव कागदात गुंडाळत राहिले.

"मी काय म्हणते, विचारायचं सोडू नका. जायचं तिथं जा. पण विचारा त्याला. एवढं करा माझ्यासाठी."

"आणि बातमी?" हार्टमान म्हणाला. "दुपारी काय सांगायचं?"

"त्यानं सांगितलं तिथंच गेलो होतो म्हणायचं. तू तर लग्नाच्या दिवशीसुद्धा खोटं बोलला होतास."

सगळे हसले. हसता हसताच ठरून गेलं. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तबेला पुन्हा गजबजला. सेराफिनच्या गालावर रंग आला, शिव्या पूर्ववत सुरू झाल्या. आम्ही विचारायचो, तो ग्राउकार म्हणायचा, आम्ही कोपऱ्यावरून वळून हार्टमानने सांगितलेल्या निडरयोखला जायचो आणि दुपारी ग्राउकारची बातमी घेऊन उंबऱ्यावर उभे राहायचो. हार्टमानला यात कलाच गवसली. "मलई रे, सेराफिन! मधल्या खांद्यावर तर अशी मलई की चमच्यानं खावी." मीसुद्धा एकदा सांगून आले, घोट्याच्या वर रुतले नाही म्हणून. बोलताना मी त्याच्या हाताकडं बघत होते, तोंडाकडं नाही.

यातली खोच मला फार उशिरा कळली. सेराफिन त्या बातम्यांवर पुढचं ठरवत होता. आम्ही मलई सांगितली की तो ग्राउकारवर आणखी विसंबायचा, आणखी उशिराची वेळ द्यायचा. त्या महिन्यात ग्राउकारवर रोज दहाच्या सुमाराला ओला बर्फ गडगडत खाली येत होता, आणि तो म्हणायचा, "साडेनऊपर्यंत थांबा बिनधास्त, यंदा धरून आहे." चाळीस वर्षांत त्याच्या तोंडून इतकी चुकीची उत्तरं निघाली नसतील. ती आम्हीच त्याच्या तोंडात घातली होती. मी बुर्गलला हे सांगितलं. ती म्हणाली, "कुणी जात नाही ना त्याचं ऐकून? मग?" मी भट्टीकडं वळले.

स्वर्गारोहणाच्या सणाआधीच्या सोमवारी पिकापाण्यासाठी प्रार्थना म्हणत गाव वरच्या देवळीपर्यंत चालत जातं. सेराफिन गुडघ्यांमुळं कित्येक वर्षांत आला नव्हता. त्या साली मन प्रसन्न होतं म्हणून की काय, म्हणाला, मी येणार. हार्टमाननेच त्याला ट्रॅक्टरवर बसवून आणलं. त्या सकाळीही हार्टमानने त्याला विचारलं होतं. आदल्या दिवशी, रविवारी, चौघं मिळून ग्राउकार उतरल्याची बातमीही दिली होती.

सेराफिनचं घर चर्चच्या टेकडीखाली खड्ड्यात. तिथून छपरं दिसतात आणि आभाळ. देवळीपाशी मात्र ग्राउकार पायथ्यापासून माथ्यापर्यंत समोर उभा असतो. हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पाद्री संतांची नावं घेत होता, आम्ही मागून 'आमच्यासाठी प्रार्थना कर' म्हणत होतो. सेराफिन ट्रॅक्टरला टेकून उभा होता, टोपी छातीशी. तो ओठ हलवायचा थांबला. मी त्याच्या नजरेच्या रोखानं पाहिलं. ग्राउकारवर ओल्या बर्फाच्या लोटांचे मळकट पट्टे होते, मधला खांदा कोरा. चौघं उतरले असते तर त्यावर चार वळणदार रेघा दोन दिवस तरी दिसल्या असत्या. एकही नव्हती. अख्ख्या उतारावर कुणी पाऊल टाकल्याची खूण नव्हती.

हार्टमानलाही दिसलं. त्याची मान लालभडक झाली.

प्रार्थना संपली. लोक डब्यातलं डुकराचं सुकं मांस आणि पाव काढून बसले. हार्टमान काहीतरी बोलायला तोंड उघडतोय तोवर सेराफिनच बोलला.

"उन्हानं पुसल्या असतील."

"काय?"

"तुमच्या रेघा. कालचं ऊन कडक होतं."

"हो, हो," हार्टमान म्हणाला. "फार कडक. फारच."

सेराफिनने मान डोलावली. मी दिलेला पाव त्याने घेतला, दोन तुकडे केले आणि एक बुर्गलला दिला. तिने त्याच्याकडं पाहिलं नाही.

मधले दिवस पावसात गेले. शनिवारी पहाटे आम्ही नेहमीसारखे तबेल्यात जमलो. जावं की न जावं याची वाटेत कुजबुज झाली होती, पण न जाणं म्हणजे सगळं उघड मान्य करणं. सेराफिन कामाच्या फळीपाशी बसला होता. हात कोरडे होते, घरामागं गेलाच नसावा.

"कुठं जावं आज, सेराफिन?" हार्टमानने विचारलं. आवाज नेहमीचा मोठा नव्हता.

"तुझं काय ठरलंय?"

"तू सांगशील तसं."

"तसं नाही. तू आज कुठं जाणार आहेस?" सेराफिन शांतपणे म्हणाला. टोमण्याचा वासही नव्हता.

हार्टमानने आमच्याकडं पाहिलं. आम्ही बुटांकडं. शेवटी तो पुटपुटला, "निडरयोख. साडेसातला."

"चांगलं आहे," सेराफिन म्हणाला. "तिथंच जा."

त्या दिवशी मी निडरयोखला गेले ती डोळे उघडे ठेवून गेले. प्रत्येक गोष्ट लक्षात ठेवत होते, परीक्षेला बसल्यासारखी. किती वाजता सुटला, कुठल्या खडकाखाली चीर आहे, बूट कुठवर रुततो. दुपारी घरी न जाता तशीच तबेल्याच्या उंबऱ्यावर उभी राहिले. हार्टमान आला नाही, बाकी कुणीच आलं नाही.

"सेराफिन, सातला अजून काच होती. साडेसातला सुटला. साडेआठला खालच्या वळणावर गुडघ्यापर्यंत गेले. वारा पश्चिमेचा, गार. वरच्या खडकाखाली बोटभर चीर आहे, डावीकडं वाढत चाललीय." मी श्वास घेतला. "हे खरं आहे."

तो पट्टीवर डिंक पसरत होता. पातं या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश ओढत नेलं. मी वाट बघत होते की आता तो विचारेल, चीर किती लांब, खाली पाणी वाजत होतं का.

"हार्टमानला सांग ते," तो म्हणाला. "त्याला उद्या उत्तर द्यायचं असेल."

"तुला सांगायला आले मी."

"ऐकलं की."

मग त्याने पट्टी उचलून खिळ्याला टांगली, उजेडात डिंक सारखा बसलाय का ते वाकून पाहिलं, आणि म्हणाला, "मेना, ही तुझीच जुनी पट्टी आहे. वाळायला दोन दिवस लागतील. मंगळवारी ने."